दाढ उपटणे स्वस्त, वाचवणे महाग

दाढदुखीने कोणी मरत नाही, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. त्यामुळे दाढ दुखायला लागली की पहिले काही दिवस लवंगेवर जातात, पुढचे मेडिकलमधून आणलेल्या गोळीवर आणि त्यापुढचे दुसऱ्या बाजूने चावण्यावर. चाकण, म्हाळुंगे, कुरुळी, भोसरी या पट्ट्यात भाड्याच्या खोलीत राहून पाळीने कामाला जाणाऱ्या माणसाचा हा प्रवास बहुतेक वेळा एकाच ठिकाणी संपतो. ठणका असह्य झाला की तो कुठल्यातरी दवाखान्यातल्या खुर्चीत बसतो, दाढ वाचवायला किती आणि काढायला किती असे दोन आकडे ऐकतो आणि म्हणतो, ‘काढूनच टाका.’

हा निर्णय अडाणीपणाचा नाही. रूट कॅनाल आणि वरची कॅप यांचा खासगी दवाखान्यातला खर्च काही हजारांत जातो. दाढ काढायला काही शे रुपये पुरतात. खोलीचे भाडे, मेसचे पैसे आणि गावाकडे पाठवायची रक्कम वजा केल्यावर हातात जे उरते, त्यात दुसराच आकडा बसतो. हिशेब बरोबर आहे, पण तो ज्या टप्प्यावर मांडावा लागतो तो टप्पा चुकीचा आहे. दातांचे उपचार मुळात महाग नसतात, ते उशिरा केले की महाग होतात. आपल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेची आणि दाताची गाठ पडते ती बहुधा हा उशीर झाल्यानंतरच.

‘दाढेला कीड लागली’ असे आपण म्हणतो, पण दाढेत किडा वगैरे काही नसतो. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे वरचे कठीण कवच, म्हणजे इनॅमल, हळूहळू विरघळवते. दिवसभरात चार-पाच वेळा गोड चहा आणि बिस्किटे झाली की दाताला तितक्या वेळा या आम्लाला तोंड द्यावे लागते. सुरुवातीला फक्त पांढरट डाग दिसतो. या वेळी फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट आणि खाण्याच्या सवयीतला बदल एवढ्यावर काम भागते. पुढे बारीक खड्डा पडतो. तो एका बैठकीत स्वच्छ करून सिमेंट भरता येते. यापैकी काहीच झाले नाही तर खड्डा दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचतो आणि रात्रीची झोप उडते. आता रूट कॅनाल हवे, म्हणजे दोन-तीन फेऱ्या आणि वर कॅप. तेही टळले की मुळाशी पू होतो आणि दात काढण्याखेरीज पर्याय उरत नाही. पांढऱ्या डागापासून इथवर यायला बहुधा महिने, कधी वर्षे लागतात. एवढ्या मोठ्या अवधीत एकदाही कोणी तोंडात डोकावून पाहत नाही, ही खरी अडचण आहे.

खुर्ची कुठे आहे?

पिंपरी-चिंचवड हे काही आरोग्यसुविधा नसलेले गाव नाही. १९८२ मध्ये महापालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १७ लाखांच्या पुढे होती. संत तुकारामनगरमध्ये महापालिकेचे ७५० खाटांचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले ‘वायसीएम’. तिथे दंतविभाग आहे. थेरगाव, भोसरी, आकुर्डी इथे महापालिकेची रुग्णालये आहेत. चिंचवडच्या मोहननगरमध्ये ईएसआयचे, म्हणजे कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे. शहराच्या वेशीवर औंधला जिल्हा रुग्णालय आहे. पिंपरीतच डॉ. डी. वाय. पाटील यांच्या नावाचे खासगी दंत महाविद्यालयही आहे. अशा महाविद्यालयांत शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात. खर्च बाहेरच्यापेक्षा कमी येतो, पण वेळ जास्त लागतो आणि फेऱ्याही वाढतात.

नाशिक रस्त्याने मोशी ओलांडून पुढे गेले की चित्र विरळ होत जाते. २०११ च्या जनगणनेत चाकणची लोकसंख्या ४१ हजारांच्या आसपास नोंदली गेली. त्यानंतर चाकणची नगरपरिषद झाली, कारखान्यांचे टप्पे वाढले. नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, खराबवाडी, निघोजे या गावांत खोल्यांच्या चाळीच्या चाळी उभ्या राहिल्या. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा इथून आलेली माणसे त्यांत राहतात. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडली, त्यामुळे या माणसांची सरकारी मोजदाद अजून व्हायची आहे. ग्रामीण रुग्णालय म्हणजे केंद्राच्या मानकांतले सामुदायिक आरोग्य केंद्र. सपाट प्रदेशात साधारण १ लाख २० हजार लोकांमागे असे एक केंद्र आणि त्यात एक दंतचिकित्सक, असे ते मानक आहे. गणतीत न आलेल्या माणसाच्या नावाने मात्र ना केंद्र मंजूर होते, ना खुर्ची.

एका खुर्चीचा हिशेब मांडून पाहावा. समजा, सरकारी दंतचिकित्सक दिवसाचे सहा तास न उठता काम करतो, म्हणजे ३६० मिनिटे. बाहेर ४० रुग्ण आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला येतात नऊ मिनिटे, आणि त्यातच तपासणी, भूल, उपचार, उपकरणे बदलणे आणि केसपेपर लिहिणे. सिमेंट नीट भरायला वीस-तीस मिनिटे लागतात. रूट कॅनालची एकेक बैठक पाऊण तासाची. एका भुलेच्या इंजेक्शनानंतर पुढच्या रुग्णाला तपासता येते आणि मग पहिल्याची दाढ काढता येते, त्यामुळे रांगेच्या गणितात बसणारा उपचार एकच, तो म्हणजे दाढ काढणे. डॉक्टर कितीही कुशल आणि कनवाळू असला, तरी उपचार कोणता व्हायचा हे अखेर बाहेरची रांग ठरवते.

खाडा आणि केसपेपर

पैशांइतकीच दुसरी किंमत आहे ती वेळेची. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांची नियमित ओपीडी मुख्यतः सकाळची. पहिल्या पाळीचा कामगार त्या वेळी लाइनवर असतो, रात्रपाळीचा नुकताच झोपलेला असतो. चाकणहून वायसीएम वीसेक किलोमीटरवर. तळेगाव चौकातली आणि मोशी-भोसरी रस्त्यावरची कोंडी धरली तर जाऊन-येऊन आणि रांगेत उभे राहून दिवस संपतो. कंत्राटी कामगाराचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली, आणि महिन्यात खाडे वाढले तर ठेकेदाराच्या कपाळावर आठ्या. ‘मोफत’ किंवा नाममात्र दरातला उपचार त्याला एका दिवसाच्या पगाराला पडतो, आणि रूट कॅनाल असेल तर तीन दिवसांच्या.

या भागातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते, हे इथल्या प्रत्येक चहावाल्याला ठाऊक आहे. म्हणजे गुरुवार हा कामगाराचा दवाखान्याचा दिवस. त्या एका दिवशी दंतविभागाची वेळ वाढवली, जादा डॉक्टर बसवले, तर खुर्चीची संख्या न वाढवताही बरेच काही साधेल. आरोग्यव्यवस्थेच्या वेळापत्रकाने मात्र या गुरुवारची अजून पुरेशी दखल घेतलेली नाही.

योजनांचे काय, असा प्रश्न साहजिक आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय राज्याने २०२३ मध्ये घेतला. ही योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या मोठ्या उपचारांसाठी बांधलेली आहे. जबड्याचे हाड मोडले किंवा तोंडाचा कर्करोग झाला तर तिचा आधार मिळू शकतो; दातात सिमेंट भरायला किंवा साध्या रूट कॅनालला ती कामाची नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, पण महापालिकांची रुग्णालये त्या विभागाची नव्हेत. कामगार विमा योजनेत दंतोपचार आहेत आणि कुटुंबालाही संरक्षण आहे. मात्र त्यासाठीची वेतनमर्यादा २०१७ मध्ये ठरवलेली, महिना २१ हजार रुपयांची. पगार त्याच्या थोडा पुढे गेला की छत्री मिटते, आणि नाक्यावरचा मजूर, घरकाम करणारी बाई, रिक्षाचालक यांच्या डोक्यावर ती कधी उघडलेलीच नसते. खासगी मेडिक्लेम घेतलेल्यांनीही पॉलिसी वाचून पाहावी. अपघात वगळता दातांचा खर्च बहुतेक पॉलिसींत बसत नाही.

दात शरीराबाहेर कसे गेले?

हे सगळे एखाद्या अधिकाऱ्याच्या दुष्टपणामुळे झालेले नाही. वैद्यकाने दातांना फार पूर्वीच वेगळे बिऱ्हाड करून दिले. १८४० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला स्वतंत्र दंत महाविद्यालय निघाले आणि दंतशास्त्राची वाट वैद्यकापासून निराळी झाली. शास्त्राची प्रगती झाली, पण विमा, रुग्णालये आणि सरकारी अंदाजपत्रके यांत दात कायमचे पाहुणे राहिले. ब्रिटनमध्ये १९४८ साली सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू झाली, आणि तीनच वर्षांत, १९५१ मध्ये, तिथे पहिले शुल्क लागले ते कवळी आणि चष्म्यावर. पैसा कमी पडला की पहिली कात्री दातांवर चालते, हा जगाचाच अनुभव आहे.

आपल्याकडे त्यात आणखी एक असमतोल आहे. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि त्यांतली बहुसंख्य खासगी. महाराष्ट्रातली जुनी सरकारी दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. मुंबईत १९३३ मध्ये सुरू झालेले नायर दंत महाविद्यालय महापालिका चालवते. राज्यातल्या एवढ्या मोठ्या औद्योगिक पट्ट्याला मात्र अशा सरकारी किंवा पालिकेच्या महाविद्यालयाचा शेजार लाभलेला नाही. दंतवैद्य कमी आहेत म्हणून हा प्रश्न निर्माण झालेला नाही. पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही हमरस्त्यावर दंतवैद्यांच्या पाट्या मोजाव्यात. दरवर्षी पदवी घेऊन बाहेर पडणारे तरुण डॉक्टर कमी पगारावर दुसऱ्याच्या दवाखान्यात उभे असतात आणि सरकारी खुर्चीपुढची रांग हलत नाही. एकीकडे हात रिकामे, दुसरीकडे दाढा किडलेल्या. ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण इतकी शब्दशः खरी व्हायला नको होती.

दाढदुखीने मरतही नाही, हे तरी खरे आहे का?

पूर्णपणे नाही. खालच्या दाढेचा संसर्ग जबड्याखाली आणि मानेत पसरला तर श्वासनलिका दाबली जाऊ शकते. असा रुग्ण अतिदक्षता विभागात दाखल होतो तेव्हा एका सिमेंटच्या भरणीऐवजी शस्त्रक्रिया, शिरेतून द्यायची प्रतिजैविके आणि कित्येक दिवसांची खाट लागते. हृदयाच्या झडपेचा आजार असलेल्यांत तोंडातले जिवाणू झडपेवर जाऊन बसण्याचा धोका असतो. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार यांचे नाते दुहेरी आहे. साखर वाढलेली असेल तर हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात आणणे अवघड होते.

त्याहून रोजचे नुकसान दुखणे दाबून ठेवण्यातून होते. वेदनाशामक गोळ्या आठवडेच्या आठवडे, बहुधा उपाशीपोटी घेतल्या जातात. त्यातून जठरात व्रण होतात, मूत्रपिंडांवर ताण येतो. जोडीला कोणीतरी सुचवलेली प्रतिजैविके असतात. दातातल्या नसेच्या दुखण्यावर त्यांचा उपयोग नसतो. संसर्गाचे मूळ दातातच राहते आणि जिवाणू मात्र औषधाला सरावतात.

मिश्री आणि तंबाखूचे तर वेगळेच. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण रात्रपाळीत झोप उडवण्यासाठी आणि दाढेचा ठणका बधिर करण्यासाठी गालात तंबाखू धरणारे कमी झालेले नाहीत. भारतीय पुरुषांत आढळणाऱ्या कर्करोगांमध्ये तोंडाचा कर्करोग आघाडीवर आहे. तो डोळ्यांना दिसतो, बोटाला लागतो. दाताच्या निमित्ताने कोणी वेळेवर तोंड उघडून पाहिले तर पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम लवकर सापडते. म्हणून दंतविभागाची खुर्ची ही कर्करोग तपासणीचीही खुर्ची आहे.

परवडत नाही, हे उत्तर पुरेसे नाही

हृदयविकार, डायलिसिस, बाळंतपण यांनाच पैसा पुरत नसताना दातांना कुठून आणायचा, हा आक्षेप प्रामाणिक आहे. प्रत्येकाला कॅप आणि इम्प्लांट सरकारने द्यावे, असे कोणी म्हणत नाही. प्रश्न पहिल्या टप्प्याचा आहे, आणि त्याची साधने स्वस्त आहेत. १९८० च्या दशकात टांझानियात एक पद्धत विकसित झाली. विजेवर चालणारे ड्रिल न वापरता हातातल्या साध्या उपकरणांनी किडलेला भाग खरवडायचा आणि ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचे. ते शाळेच्या बाकावरही करता येते. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचे द्रव किडलेल्या भागावर लावले की कीड बऱ्याचदा तिथेच थांबते. तो भाग काळा पडतो, पण दाढ वाचते. फ्लोराइड टूथपेस्ट, हे द्रव आणि ते सिमेंट या तिन्ही गोष्टी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या.

इतर देशांनीही वाट काढली आहे. न्यूझीलंडने १९२१ पासून शाळांसाठी खास प्रशिक्षित दंत परिचारिका तयार केल्या. ब्राझीलने दंतसेवा थेट कुटुंब आरोग्य पथकांशी जोडली. आणि फार लांब कशाला, मुंबई महापालिकेने २०२२ पासून सुरू केलेले ‘आपला दवाखाना’ संध्याकाळी उशिरापर्यंत चालतात, आणि त्यांच्या जोडीच्या पॉलिक्लिनिकांत दंतचिकित्सकही बसतात.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणला यातून घेण्यासारखे बरेच आहे. पहिले म्हणजे गुरुवारी दिवसभर आणि इतर दोन दिवस संध्याकाळी दंत ओपीडी. वायसीएममध्येच नव्हे, तर थेरगाव, भोसरी, आकुर्डी आणि चाकणच्या ग्रामीण रुग्णालयातही. दुसरे, एक खुर्ची फक्त दात वाचवण्यासाठी राखून ठेवणे. तिच्यावर काढण्याची रांग लावायचीच नाही. तिसरे, शाळा. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके मुलांचे दातही पाहतात. त्यांनी किडलेला दात नोंदवून पालकांच्या हाती चिठ्ठी देण्याऐवजी त्याच महिन्यात शाळेतच उपचार व्हावेत. चौथे, परिसरातल्या दंत महाविद्यालयांशी करार करून आंतरवासिता करणाऱ्या डॉक्टरांना चाकण आणि खेडच्या गावांत पाठवणे. पाचवे, कारखाने. पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत वैद्यकीय कक्ष ठेवण्याची पद्धत कारखाने कायद्याने १९४८ पासून रुजवली. तिथे महिन्यातून एकदा दंततपासणी ठेवली आणि तीत कायम कामगारांइतकेच कंत्राटी कामगारही धरले, तर खाड्याचा प्रश्नच उरणार नाही. आणि शेवटचे, अगदी साधे. प्रत्येक सरकारी आणि पालिकेच्या दंतविभागाबाहेर मराठीत आणि हिंदीत एक फलक असावा. कोणता उपचार इथे होतो, दर किती, वेळ कोणती, किती फेऱ्या लागतील. उपचार कुठे मिळतो हे न कळल्यामुळे गेलेल्या दाढाही कमी नाहीत.

तोवर वाचकाच्या हाती काही गोष्टी आहेत. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइड असलेल्या टूथपेस्टने दात घासावेत. मिश्री, राख, कोळसा वापरू नये. दोन जेवणांच्या मधला गोड चहा आणि बिस्किटे कमी करावीत. थंड पाणी झोंबू लागले किंवा अन्न एकाच ठिकाणी अडकू लागले की तोच दाखवण्याचा दिवस समजावा. ठणक्याची वाट पाहू नये. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम किंवा लाल-पांढरा चट्टा लगेच दाखवावा. आणि गालावर किंवा हनुवटीखाली सूज, ताप, तोंड उघडत नसणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास यांपैकी काही असेल तर सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता तातडीच्या विभागात जावे.

व्यवस्थेसाठी मात्र एकच कसोटी पुरे. महापालिकेने आणि जिल्हा आरोग्य यंत्रणेने दर महिन्याला दोन आकडे शेजारी-शेजारी लावावेत, किती दात काढले आणि किती वाचवले. ज्या महिन्यात दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा होईल, त्या महिन्यापासून या पट्ट्यात दंतसेवा सुरू झाली असे म्हणता येईल. आज जी आहे ती दात काढण्याची सेवा आहे.